मदत हवी आहे: डिजिटल ट्विनमध्ये माणसं दुप्पट दिसताहेत

धागाकर्ता
कॅमेरे न लावता, सीओटूवरून खोलीत किती माणसं आहेत हे काढून ऑफिसच्या डिजिटल ट्विनला (इमारतीची संगणकातली प्रतिकृती, जी सेन्सरच्या आकड्यांवर चालते) द्यायचंय. मीटिंग रूम ९० घनमीटर, व्हीएव्हीतून (खोलीत येणारी एसीची हवा कमी-जास्त करणारा बॉक्स) हवा सेकंदाला २५० लिटर, बाहेरच्या हवेतली सीओटू पातळी ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग), माणशी सीओटू सेकंदाला ०.००५२ लिटर. १२ जण असताना सेन्सर ९५० वर स्थिरावतो आणि ट्विन म्हणतो २५! शिवाय आकडा मिनिटामिनिटाला पाच-सहाने उड्या मारतो. सेन्सर बदलू का?

प्रतिसाद १
सेन्सर राहू द्या, ४२० बदला. ते २५० लिटर म्हणजे सगळी ताजी हवा नव्हे. एएचयूत (एसीचं मध्यवर्ती हवा पुरवणारं यंत्र) खोल्यांतून परत आलेली हवा मिसळते आणि तिच्यात सीओटू आधीच असतो. उलटं गणित करा: १२ × ०.००५२ = ०.०६२, भागिले २५०, म्हणजे साधारण २५० पीपीएमची वाढ. तेव्हा खोलीत येणारी हवाच ७०० च्या आसपास असणार. ४२० च्या जागी सप्लाय डक्टमधलं (खोल्यांकडे हवा नेणारी नळी) रीडिंग घाला. एका एएचयूला एक डक्ट सेन्सर पुरतो, फक्त तो मिक्सिंग आणि पंख्याच्या पुढे, सरळ डक्टमध्ये बसवा. डॅम्परजवळ, म्हणजे हवेच्या झडपेजवळ, हवा नीट मिसळलेली नसते.

आधी दोन्ही सेन्सर एक रात्र शेजारी ठेवून फरक टिपून घ्या. इथे ५० पीपीएमची चूक म्हणजे अडीच माणसं.

प्रतिसाद २
उड्यांचं कारण वेगळं. सूत्रात सीओटू किती वेगाने बदलतो तेही धरलंय ना? ९० हजार लिटरच्या खोलीत मिनिटात २० पीपीएम हललं की सेकंदाला ०.०३ लिटर, म्हणजे जवळजवळ सहा माणसं! दहा मिनिटांची सरासरी घ्या. आकडा थोडा उशिरा येईल, पण एसीच्या भाराच्या हिशेबाला चालतं.

मजला चोवीस तास शिफ्टमध्ये चालतो का? मग सेन्सरचं आपोआप कॅलिब्रेशन बंदच करा. आठवड्यातलं सर्वांत कमी रीडिंग म्हणजे बाहेरची हवा, असं तो धरून चालतो. मजला कधी रिकामाच होत नसेल तर रीडिंग हळूहळू खाली सरकतं.

धागाकर्ता
आभार! शिफ्ट आहेतच. सोबत वायफायचा आकडा जोडू का? आणि वरून एकेकाच्या केबिनचाही डेटा मागताहेत.

प्रतिसाद १
वायफाय मजल्यापुरतं ठीक. माणशी फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडलेले असतात, आणि भिंतीपलीकडचेही त्याच अॅक्सेस पॉइंटवर येतात. खोलीसाठी पीआयआर (हालचाल ओळखणारा सेन्सर) जोडा: माणसं उठून गेल्यावरही सीओटू रेंगाळतो, तेव्हा १५ मिनिटं हालचाल नसेल तर शून्य धरा.

प्रतिसाद २
केबिनचं मात्र नको. एकाच माणसाच्या खोलीतला ०/१ (नाही/आहे) म्हणजे वेळेसकट हजेरीपट. नाव नसलं तरी कोण ते सगळ्यांना ठाऊक. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यालाही लागू पडू शकतो. चार-पाच केबिन मिळून एक झोन करा, पाचापेक्षा कमी आकडा डॅशबोर्डवर दाखवू नका. व्हीएव्हीला केबिनचा पीआयआर हवाच असेल तर तो तिथल्या कंट्रोलरपर्यंतच ठेवा, ट्विनमध्ये साठवू नका.