हवेच्या प्रवाहाचा सेन्सर स्वच्छ करावा की बदलावा?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे)

माझ्याकडे 2013 सालची, 1.5 लिटर पेट्रोल इंजिनाची सेडान असून ती आतापर्यंत 92 हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या दोन महिन्यांपासून गाडी चढावर दम खाते. कात्रजच्या जुन्या घाटात पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज निघत असे, तिथे आता दुसरा टाकावा लागतो, आणि एक्सलरेटर पूर्ण दाबला तरी पिकअप मिळत नाही. शहरातले ॲव्हरेज पंधरावरून बारावर आले आहे. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनर लावला, तेव्हा पी0171 आणि पी0101 असे दोन कोड आले. गॅरेजमधल्या मेकॅनिकने कोड पाहताच एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा प्रवाह मोजणारा) गेला आहे, नवा टाका, असे सांगितले आणि साडेआठ हजारांचा अंदाज दिला. सेन्सर त्याने काढूनही पाहिला नाही, म्हणून माझे मन धजत नाही. तो स्वच्छ करून चालेल का, आणि तो खरोखर गेला आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद 1

आपण थांबलात हे उत्तम केले, कारण पी0101 चा अर्थ सेन्सर जळाला असा होत नाही. सेन्सरचे वाचन इंजिनाच्या इतर आकड्यांशी जुळत नाही, एवढेच तो कोड सांगतो. पी0171 म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. या दोन्ही तक्रारी मळलेल्या सेन्सरमुळे येतात, तशाच सेन्सरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली तरी येतात, कारण त्या चिरेतून आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही.

या दोहोंतला फरक ओळखायला स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे पाहावेत, म्हणजे गाडीचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला शॉर्ट (त्या क्षणाच्या) आणि लाँग (दीर्घकाळच्या) ट्रिमची बेरीज करावी, आणि मग 2500 आरपीएमवर तीच बेरीज पुन्हा घ्यावी. आयडलिंगला बेरीज मोठी असून आरपीएम वाढवल्यावर ती उतरत असेल, तर पाइप किंवा मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधून) न मोजलेली हवा आत शिरते आहे असे समजावे. चिरेतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढली की तिचे प्रमाण नगण्य होते. उलट आयडलिंगला आकडा बरा असून भार वाढेल तसा तो चढत असेल, तर संशय एमएएफवर किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यावर जातो.

सेन्सरमधली तार किंवा पातळ फिल्म आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा तिला थंड करते, आणि ती तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागते त्यावरून हवेचे वस्तुमान कळते. तिच्यावर धुळीचा थर बसला की ती कमी थंड होते, सेन्सर हवा कमी दाखवतो आणि त्या हिशेबाने पेट्रोलही कमी सोडले जाते.

पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो. 30 अंश तापमानाला ही हवा प्रति लिटर 1.09 ग्रॅम भरते. त्या हिशेबाने, सिलिंडर हवेने 85 टक्के भरतात असे धरले तर 1.5 लिटरच्या इंजिनाने 4000 आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर (एक्सलरेटर पूर्ण दाबून) सेकंदाला सुमारे 46 ग्रॅम हवा ओढली पाहिजे. शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा आणि रिकाम्या रस्त्यावरच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हा आकडा नोंदवा. गाडी चालवताना स्वतः स्क्रीनकडे पाहू नये.

प्रतिसाद 2

स्वच्छ करताना एमएएफसाठीच मिळणारा स्प्रे वापरावा. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मारल्यास सेन्सरच्या प्लास्टिकला व लेपाला इजा होऊ शकते. कापसाची काडी, ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा कधीही लावू नये. ती तार केसासारखी नाजूक असते. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद करून कपलर (सेन्सरच्या वायरचा प्लग) सोडवावा, आठ-दहा सेंटीमीटरवरून दहा-पंधरा फवारे मारावेत आणि किमान अर्धा तास उघड्यावर सुकू द्यावे. ओला असताना कपलर जोडू नये.

प्रतिसाद 3

शेवटी सेन्सर घ्यावाच लागला, तर केवळ स्वस्त म्हणून अनोळखी डुप्लिकेट आणू नये, असे मी कळकळीने सांगेन. नाना पेठेत सुटा भाग घेताना जुना सेन्सर सोबत न्यावा आणि त्यावरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवून पाहावा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे सेन्सरही वेगवेगळ्या मोजमापाचे असतात, आणि चुकीचा बसवला की तोच कोड परत येतो.

मूळ प्रश्नकर्ता, नऊ दिवसांनी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. ट्रिमची बेरीज आयडलिंगला 5 टक्के आणि 2500 आरपीएमला 18 टक्के आली. चढावर 4000 आरपीएमला हवेचा आकडा 36 ग्रॅमच्या वर गेला नाही. सेन्सर काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिला, तेव्हा तारेवर करड्या रंगाची मऊ लव चिकटलेली स्पष्ट दिसली.

ही धूळ फिल्टर ओलांडून आत गेली तरी कशी, याचा शोध घेताना फिल्टरच्या डब्याची मागची क्लिप लागलेलीच नाही असे आढळले. झाकण एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उचललेले होते, फिल्टरची रबरी कड तिथे दुमडलेली होती, आणि त्या फटीपासून स्वच्छ बाजूला धुळीचा पट्टा गेला होता. मागच्या सर्व्हिसिंगनंतर आमच्या रस्त्यावरची सगळी धूळ त्याच वाटेने आत जात असणार. हे पाहून मला खरोखर वाईट वाटले, कारण नवा सेन्सर टाकला असता तरी तोही असाच मळला असता.

डबा ओल्या फडक्याने पुसला, नवा फिल्टर नीट बसवून चारही क्लिपा लावल्या, सेन्सरला सांगितल्याप्रमाणे फवारा मारून तासभर सुकवला आणि कोड पुसले. आता त्याच चढावर 45 ग्रॅम दिसतात आणि ट्रिमची बेरीज दोन्ही ठिकाणी 3 टक्क्यांच्या आत आहे. काल कात्रजचा जुना घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. ॲव्हरेज पुढची टाकी संपल्यावर इथे लिहीन.