पुन्हा बैलजोडी घेताना

बारा वर्षे ट्रॅक्टरवर शेती केल्यानंतर आता पुन्हा बैल घेताना अजून औताला न जुंपलेले तरुण गोऱ्हे घ्यावेत की शिकलेली जोडी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शिकलेलीच जोडी घ्यावी, कारण इतक्या खंडानंतर कासरा धरणाऱ्याचीही सवय मोडलेली असते आणि खिलार जातीचे जनावर चपळ तितकेच तापट असते. मी नऊ वर्षांनी औत धरले, तेव्हा पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कुळव (ढेकळे फोडून जमीन भुसभुशीत करणारे औत) चालवला आणि जू उतरवताना उजव्या बैलाच्या खांद्यावर तळहाताएवढी गरम सूज हाताला लागली. बसून राहिलेल्या बैलाचा खांदा मऊ पडतो, म्हणून पहिले पंधरा दिवस सकाळी तासभर हलकेच काम द्यावे आणि जू गुळगुळीत आहे ना, हे रोज हात फिरवून पाहावे.