मदत हवी आहे: पावसाळ्यात ट्रॅक सर्किट पडतंय
ट्रॅक सर्किट म्हणजे रुळांतून करंट सोडून लाइनवर गाडी आहे का हे ओळखणारी यंत्रणा. कराड-सांगली पट्ट्यातल्या एका स्टेशनाची लूप लाइन (मुख्य लाइनच्या बाजूची लाइन), खाली कृष्णाकाठची काळी माती. पाऊस लागला की गाडीच्या दाबाने स्लीपरखालून चिखल वर येतो, खडी मातकट होते, एका रुळातला करंट दुसऱ्यात झिरपतो आणि लाइन मोकळी असूनही रिले (करंटवर चालणारा स्विच) पडतो, म्हणजे गाडी उभी असल्यासारखं दिसतं. बॅलास्ट रेझिस्टन्स (खडीतून करंट झिरपायला होणारा विरोध) किलोमीटरला 2 ओहमच्याही खाली जातो. लायनर, रबर पॅड, ग्लूड जॉइंट हे रुळातला करंट बाहेर जाऊ न देणारे भाग तपासले, ठीक आहेत.

रुळांना दिलेलं फीड व्होल्टेज वाढवा असं कृपया सुचवू नका. खडी वाळल्यावर गाडी उभी असतानाही रिले उचललेला राहू शकतो, म्हणजे लाइन मोकळी दिसू शकते. हा थेट जिवाशी खेळ आहे.

खडी चाळून स्लीपरखाली 300 मिमी स्वच्छ थर दिला, तर जिओटेक्स्टाइलशिवाय (खालची माती अडवणाऱ्या कापडाशिवाय) तो काळ्या मातीत किती पावसाळे टिकतो? की ॲक्सल काउंटरच (आत-बाहेर जाणारी गाडीची चाकं मोजणारं यंत्र) बसवावा? त्याला ओली खडी बाधत नाही, पण तुटलेला रूळ तो दाखवत नाही.