लाईनखालची झाडं छाटताना गँगमधला कोणी ‘थांबा’ म्हणत नाही, काय करावं?

मुकादम (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न

राम राम मंडळी. मी आयटीआय वायरमन. यंदा मान्सूनपूर्व झाडछाटणीच्या एका ठेकेदाराकडे गँगचा मुकादम झालो. सात माणसं, एक पिकअप, दोन शिड्या, एक चेन सॉ. काम ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) लाईनीखालचं. बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, धुऱ्यावरचे साग.

हेल्मेट, बेल्ट, हातमोजे, डिस्चार्ज रॉड (बंद तार जमिनीला जोडायचा) सगळं आहे. परमिटही, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी, मिळते. तरी जिवाला घोर लागून आहे, अन् तो सामानाचा नाही.

मागच्या आठवड्यात गावठाण फीडरचं, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या लाईनीचं, परमिट सकाळी घेतलं. ऊन ४४-४५ चं, गावातले कूलर बंद, म्हणून वीज कंपनीच्या साहेबांना फोनवर फोन अन् साहेबांचे मला. आमच्यात एक जुने कारागीर आहेत, सगळे त्यांना मामाजी म्हणतात. उमर झाडावर गेली त्यांची. लाईनीवर रॉड टाकायच्या आधीच मामाजी कडुनिंबावर अर्ध्यापर्यंत पोचले. खाली एक नवीन पोट्टा उभा होता. त्याला एबी स्विचचं (पोलवरचा, लाईन तोडायचा स्विच) एक ब्लेड नीट सुटलेलं दिसत नव्हतं. हँडल पूर्ण खाली, दोन ब्लेड मोकळे, तिसरं चिकटूनच. पोट्टा वर पाहत गप्प उभा. माझी नजर गेली म्हणून मामाजींना खाली घेतलं. सबस्टेशनातून फीडर बंदच होता, काही झालं नाही.

नंतर पोट्ट्याला बाजूला घेऊन विचारलं, “काहून नाही बोलला?” म्हणे, “मामाजीले मी कसा सांगू जी? अन् माह्यं चुकलं असतं तं सारे हासले असते.”

हेच माझ्या डोक्यातून जात नाही. मामाजी माणूस वाईट नाही. कोणाच्या अंगावर जात नाहीत, आपल्या डब्यातलं सगळ्यांना देतात. पण त्यांच्यापुढे बोलायची कोणाची प्राज्ञा नाही. वरून ठेकेदाराचा संध्याकाळी फोन येते तो पहिला प्रश्न, “किती झाडं झाली?”

रागावलो की दोन दिवस सगळे बेल्ट लावतात, मग पुन्हा तेच. दंड लावू का? मामाजींना दुसऱ्या कामावर टाकू का? नियम मला पाठ आहेत, ते नका सांगू. माणसं कशी वळवायची ते सांगा.

निवृत्त प्रधान तंत्रज्ञ, परतवाडा

मामाजींना काढू नका भाऊ. उद्या मामाजी जातील, पण पोट्टा गप्पच राहील, कारण मग तो तुमच्यापुढे गप्प राहील.

तुम्ही हिंमत शोधून राहिले. विशीतल्या पोराकडून म्हाताऱ्याला टोकायची हिंमत मागायची, हे चालत नाही. आपल्या गावात तर मुळीच नाही. वडीलधाऱ्याला उलट बोलू नये हेच त्याला घरी शिकवलं आहे, अन् ते चूक नाही. म्हणून टोकणं हे त्याचं काम करून टाका. हिंमत लागते ती काम नसलेल्या माणसाला.

आमच्या गँगमध्ये असं होतं. सगळ्यात नवीन जो असेल त्यानं एबी स्विचखाली उभं राहून मोठ्यानं बोलायचं: “पहिलं मोकळं, दुसरं मोकळं, तिसरं मोकळं.” हँडलकडे पाहून नाही, वर ब्लेडकडे पाहून. तो बोलल्याशिवाय शिडी पिकअपमधून उतरायची नाही. तीनही मोकळे असले तरी रोज बोलायचं. मग ज्या दिवशी तो म्हणेल, “दादा, तिसरं चिकटलं,” त्या दिवशी त्याला वेगळं काही केल्यासारखं वाटणार नाही. रोजचंच बोलून राहिला तो.

अन् मामाजींना रॉड द्या. मनापासून सांगतो. टेस्टरनं तारेत करंट आहे का पाहायचं, अर्थचं टोक आधी जमिनीत पक्कं करायचं, मग हुक तारेवर, तेही काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. काढताना उलटं, आधी तारेवरचा हुक, शेवटी जमिनीतलं. हे सगळं मामाजींच्या हातानं होऊ द्या अन् गँगला सांगा, मामाजी “चढा” म्हणतील तेव्हाच चढायचं. ज्याच्या तोंडाकडे सगळे पाहतात त्याच्याच तोंडून तो शब्द येऊ द्या. जो माणूस बाकीच्यांना थांबवून ठेवतो तो स्वतः आधी चढत नाही, हे मी पाहिलं आहे.

एक प्रसंग सांगतो. लग्नसराईचे दिवस. लाईन बंद, परमिट हाती, एबी स्विच मोकळा. आमचा एक हेल्पर टेस्टर घेऊन गेला अन् ओरडला, “वाजते!” आमच्यातल्या एकानं म्हटलं, टेस्टर खराब असेल. तो हेल्पर हटला नाही, दुसरा टेस्टर आणा म्हणाला. दुसराही वाजला. पुढच्या वळणावरच्या मंगल कार्यालयात लाईट गेली म्हणून जनरेटर लावला होता अन् चेंजओव्हर स्विच (जनरेटर लावला की लाईनीशी जोड तोडणारा) नव्हता. जनरेटरचा करंट एलटीवर, म्हणजे घरांकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या तारांवर, आला अन् डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून ११ केव्हीच्या तारेवर उभा. सबस्टेशनाचा ब्रेकर त्याला काय अडवेल?

आमचे तेव्हाचे साहेब जागेवर आले. त्यांनी भाषण दिलं नाही. त्या हेल्परचा हात धरला, परत जाताना त्याला जीपमध्ये स्वतःशेजारी पुढे बसवलं अन् टेस्टर खराब म्हणणारा मागे बसला. गावातून जीप गेली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं कोण कुठं बसलं आहे. त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये टेस्टर खराब आहे असं कोणी न तपासता म्हटलं नाही.

ठेकेदाराचं नंतर लिहितो, डोळ्याला त्रास होते मोबाइलवर.

सुपरवायझर, हिंगणघाट

काकाजींचं ऐकून बरं वाटतं, पण गँग रोज बदलते तिथं हे जमत नाही. आज आलेला उद्या येत नाही. मी बेल्ट नसला की अर्धी हजेरी कापतो, सगळे बेल्ट लावतात.

निवृत्त प्रधान तंत्रज्ञ, परतवाडा

लावतात, तुम्ही असता तेव्हा. अन् दंड सुरू झाला की दुसरं एक होते. एखाद्याला हलकासा झटका बसला, कुऱ्हाड निसटली, फांदी भलतीकडे पडली, तर कोणी सांगत नाही. हजेरी जाईल म्हणून दाबून टाकतात. ती न सांगितलेली गोष्टच पुढे जीव घेते. माणसं बदलत असतील तर सकाळी काम सुरू करायच्या आधी सगळ्यांशी बोलायची पाच मिनिटं अजूनच जास्त लागतात, कमी नाही.

ऑपरेटर, ३३/११ केव्ही सबस्टेशन

माझ्या खुर्चीवरून दोनच गोष्टी.

मुकादम भाऊ, “दहा वाजता लाईन चालू करून द्या” असं वेळेवरचं परमिट कधीच मागू नका, कोणी देत असलं तरी घेऊ नका. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, त्याच आवाजात, सगळी माणसं मोजून, रॉड काढून परत केलं पाहिजे. मोबाइलची रेंज गेली तर लाईन बंद राहील, गाव शिव्या देईल. ते मी ऐकून घेईन, ते माझं काम आहे.

दुसरं, फीडरचं नाव दोघांनीही पूर्ण उच्चारा. एकाच गावाचा गावठाण फीडर वेगळा, शेतीचा वेगळा, कुठंकुठं दोन्ही लाईनी एकाच पोलवरून जातात. शेतीला वीज पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. “गावची लाईन बंद करा” म्हटल्यावर मी एक बंद करतो आणि तुमचा माणूस दुसऱ्याखाली असतो. मी तुम्हाला दोनदा विचारलं तर चिडू नका.

आयटीआय निदेशक, नागपूर

प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नियम नका सांगू म्हणालात, तरी एक सांगतो, कारण तो माणसांबद्दलच आहे.

अमेरिकेत वीजवाहिन्यांजवळच्या झाडछाटणीला वेगळा धंदा मानून त्याचे वेगळे सुरक्षानियम केले आहेत. त्यात ७५० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या चालू तारेच्या १० फुटांच्या, म्हणजे साधारण ३ मीटरच्या आत जायचं असेल, तर दुसरा प्रशिक्षित माणूस हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर हवाच. वॉकीटॉकी चालत नाही, नुसत्या तोंडाची हाक. कामाआधी सगळ्यांना एकत्र उभं करून धोका काय, कोण काय करणार हे बोलणंही बंधनकारक आहे. तिथला झेड-१३३ हा झाडकामाचा सुरक्षा-मानक निघाला तोही एका आईमुळे. तिचा मुलगा झाड छाटताना गेला होता. तिच्या प्रयत्नांतून १९६८ साली समिती बसली, १९७२ मध्ये मानक छापून आलं. तोपर्यंत या कामाला स्वतःचा असा मानक नव्हता.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आहेत, आधीचे २०१० चे, आता २०२३ चे. ते सगळे वीज डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. पण तुमच्या माणसाला वीज जितकी मारते तितकंच झाडही मारू शकतं. म्हणून त्या पाच मिनिटांत झाडाबद्दलही बोला. फांदी कुठं पडेल? बेल्ट कापायच्या फांदीला तर नाही ना? मोठ्या फांदीला आधी खालून काप द्यायचा, मग थोडं पुढे सरकून वरून, नाहीतर साल सोलत फांदी खोडावर येते. तारेवर रेललेली फांदी सुटली की तार झटक्यात वर उडते, तिच्याजवळ तोंड नको. शेवग्याच्या फांदीवर वजन टाकायचं नाही, न सांगता तुटते. आणि आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाला त्या दिवशी हात लावायचा नाही, यावर चर्चा नको.

हे मुद्दे तुम्ही सांगू नका, विचारा. “या झाडात काय वाकडं दिसते?” असं मामाजींना सगळ्यांसमोर विचारा. ते जे बोलतील ते कोणत्याही पुस्तकात नसेल.

मुकादम (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. सुरू केलं.

मामाजींना रॉड दिला तेव्हा आधी चेहरा पडला, म्हणे, “मले झाडावरून उतरवून राहिला का?” मी म्हटलं, मामाजी, तुम्ही म्हणाल तेव्हाच बाकीचे चढतील, तुमच्या जबाबदारीवर सहा घरं आहेत. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी एक जण आधीच शिडीला हात लावत होता, मामाजींनी त्याला असा आवाज दिला की शेजारच्या वावरातले लोक वळून पाहू लागले.

ब्लेडं मोजायचं काम पोट्ट्याकडे. आधी तोंडातल्या तोंडात बोलायचा, आता पिकअपपर्यंत ऐकू येते.

ठेकेदाराचं मात्र तसंच आहे. काकाजी, तुम्ही लिहिणार होते.

आणखी एक, मेच्या शेवटापर्यंत लग्नं आहेत. कोणत्या गावात कोणाकडे जनरेटर आहे हे आधी कसं कळेल?

निवृत्त प्रधान तंत्रज्ञ, परतवाडा

जनरेटरसाठी शाखा कार्यालयातल्या त्या गावच्या लाईनमनला विचारा. मंगल कार्यालय, दवाखाना, जिनिंग, मोबाइल टॉवर, मोठं किराणा दुकान, त्याला सगळं माहीत असते. ज्या दिवशी काम त्याच्या आदल्या संध्याकाळी मांडव कुठं पडला ते पोलीस पाटलाला विचारा. तरीही टेस्टर अन् रॉड सुटत नाहीत, यादी कितीही चांगली असो.

ठेकेदाराचं असं करा. तो फोन करायच्या आधी तुम्हीच फोन करा, अन् पहिलं वाक्य ठरवून टाका: “सातही जण घरी पोचले, आज अमुक ठिकाणी अमुक धोका दिसला म्हणून इतका वेळ थांबलो, झाडं इतकी झाली.” झाडं शेवटी. तो चिडेल, चिडू द्या, तुम्ही क्रम बदलू नका. अन् परमिट सकाळी सहाचं मागा, दहाच्या आत काम आवरते, ऊनही कमी अन् गावाचे कूलरही बंद पडत नाहीत. ठेकेदाराला हे पटेल, कारण त्याच वेळेत झाडंही जास्त होतात. साहेबांशी बोलायला अडचण वाटली तर मला नंबर पाठवा, मी बोलतो.