मदत हवी आहे: सासूबाईंचा स्लॉपी जो पाणचट का होतोय?

नमस्कार मंडळी,

मी मिनेसोटात राहते. माहेर सांगलीचं, सासर इथलंच. जूनमध्ये थोरल्याचं हायस्कूल संपतंय. त्या निमित्ताने इथे दुपारभर घर उघडं ठेवतात, लोक येतात, कागदी ताटलीत खातात, पोराच्या हातात पाकीट देतात आणि जातात. गॅरेजमध्ये टेबल, टेबलावर स्लो कुकर, कुकरात स्लॉपी जो, हे ठरलेलंच. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: खिमा, कांदा, टोमॅटोचा आंबटगोड रस, हे सगळं हॅम्बर्गरच्या बनमध्ये. निम्मं ताटलीत सांडतं, नावातच कबुली आहे.

बाजारात तयार सॉसचा डबा मिळतो, मॅनविच, १९६९ पासून. पण थोरला अडून बसलाय, "आजीचाच कर." सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं कार्ड सापडलं, तेलाचे डाग पडलेलं. त्यावर एवढंच:

२ पौंड खिमा, १ मोठा कांदा, २ डबे गंबो. केचप, मस्टर्ड, अंदाजे.

सासवा सगळीकडच्या सारख्याच!

गंबो म्हणजे चिकन गंबो सूप हे दुकानात गेल्यावर कळलं. डबा उघडला तर आत भाताची शितं आणि भेंडीच्या चकत्या. भेंडी! नवरा शपथेवर सांगतो की आईच्या स्लॉपी जोमध्ये त्याने जन्मात भेंडी पाहिलेली नाही. तरी घातलं. पातळ झालं म्हणून केचप ओतत गेले, मग ते गुळचट झालं. बन तर हातात घेताच विरघळला. धाकटी एक घास खाऊन म्हणाली, "चांगलंय, पण वेगळंय." यापेक्षा "वाईट झालंय" परवडलं असतं.

बीफ मी करत नाही, टर्कीचा खिमा घेते. सासूबाईही आमच्या घरी टर्कीचाच करायच्या, त्यामुळे फरक तिथला नसावा. एकदा आलं-लसूण आणि चमचाभर गरम मसालाही घालून बघितला. फर्मास झाला, पण तो खिमा-पाव झाला. तो मला येतो. मला हा हवाय.

माणसं चाळीस. कुणी इथल्या घरांत हे करताना पाहिलंय का?

आयोवाकर: ताई, सूपच बरोबर आहे, आमच्या शेजारच्या आजीही तेच घालतात. एक सांगा, डब्यावर लिहिलंय म्हणून डबाभर पाणी घातलंत का? ते सूप घट्ट करून भरलेलं असतं. पाणी प्यायच्या सुपासाठी, यात नाही.
बाकी आयोवात आलात की या पदार्थाचा कोरडा भाऊ खा. मस्कटीन गावात १९२६ साली मेड-राइट नावाचं हॉटेल सुरू झालं, तिथला सुटा खिमा, टोमॅटोशिवाय. सू सिटीच्या जो नावाच्या स्वयंपाक्याने त्यातच टोमॅटो घातला आणि स्लॉपी जो झाला असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. दंतकथा म्हणून ऐकायला छान आहे.

जर्सीवाली: आमच्याकडे न्यू जर्सीत स्लॉपी जो मागवलात तर थंडगार तीनमजली सँडविच येईल. राय ब्रेड, मांसाचे काप, कोबीचं कोलस्लॉ, रशियन ड्रेसिंग. ऑफिसच्या पार्टीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चमचा शोधत होते.

पोळपाट: मूळ प्रश्नाकडे येऊ या. टर्कीला पाणी फार सुटतं. पसरट कढईत, झाकण न ठेवता, पाणी आटून खिमा तळाला किंचित लागेपर्यंत परता. कांदा त्यानंतर. केचप पौंडाला दोन चमच्यांच्या वर नको, आंबटपणा मस्टर्डने आणा. स्लो कुकरात वाफ कोंडते, काही आटत नाही. तो फक्त गरम ठेवायला. कच्चा खिमा त्यात ढकलू नका. टर्की आतून १६५ फॅरनहाइटला गेली पाहिजे, आणि दिवसभर ठेवताना १४० च्या खाली उतरू देऊ नका.
शाकाहारी पाहुणे असतील तर अख्खा मसूर, बोटचेपा शिजवून. मसूरडाळ नको, तिची आमटी होते. आणि वुस्टरशायर सॉस घालणार असाल तर बाटलीवरची यादी वाचा, त्यात बहुधा मासळी असते.

धागाकर्ती: आयोवाकर, पाणी घातलं होतं. डबा विसळून, भरून. आपल्याकडे डबा विसळल्याशिवाय टाकवतो का?
पण भेंडीचं काय? कालही दिसतच होती.

आयोवाकर: शेजारच्या आजी सूप घातल्यावर मॅशरने चेचतात. भात आणि भेंडी त्यातच मोडतात, रस धरून येतो. भेंडीचा चिकटपणा तिथे कामाला येतो.

धागाकर्ती: थांबा. सासूबाईंच्या सामानात लाकडी मुठीचा एक मॅशर आला होता. बटाट्याचा म्हणून मी तो पावभाजीला वापरते! धाकटीला आत्ता विचारलं, तर म्हणे, "हो, आजी तो घेऊन चुलीपाशी उभी असायची, आम्हाला वाटायचं ती खिम्यावर चिडलीये."

धागाकर्ती (रविवारी रात्री): पाणी नाही, कढई कोरडी, केचप चार चमचे, मस्टर्ड दोन, मग दहा मिनिटं चेचलं. भेंडी गायब. बन आतून तव्यावर भाजून घेतले, त्यामुळे टिकले. नवरा काही बोलला नाही, तिसरा बन घेतला. थोरला म्हणाला आजी मस्टर्ड अजून घालायची. घालेन.
आता चाळीस माणसांना दहा पौंड खिमा आणि चाळीस बन पुरतील ना?

पोळपाट: खिमा काठावर आहे. त्यात थोरल्याचे मित्र किती?

धागाकर्ती: बारा.

पोळपाट: मग तेरा पौंड घ्या, आणि बन बावन्न.