चेन्नई ते पोर्ट ब्लेअर: जहाज की विमान?

समीर_पुणे: डिसेंबरात अंदमानला जायचंय. मी, बायको आणि बाबा (वय ७२). चेन्नईहून जहाजाला नक्की किती वेळ लागतो? चेन्नईपासून पुढे जाऊन-येऊन बजेट माणशी १२ हजार. त्याच्या वर नाही.

सह्यभटक्या: विमानच. सव्वादोन तासांत पोचता. आम्ही सगळ्यात पुढच्या सीट घेतल्या होत्या, थोडे पैसे जातात पण मजा आली.

नंदिनी_के: जहाजाचं नाव काढू नका! साठ तास सांगतात, तीन दिवस धरून चाला. आमचं सुटायलाच संध्याकाळ झाली. बंक क्लासमध्ये एकावर एक बर्थ, जेवणाला रांग, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे लोक पिशवी हातात घेऊन बसलेले.

अक्षांश_रेखांश: चेन्नई-पोर्ट ब्लेअर ११९० किमी असं जिथेतिथे छापलेलं असतं. नकाशावर सरळ रेघ मारली तरी १३६० भरतं. जहाज काय भुयारातून जातं?

सह्यभटक्या: सागरी मैल असतील ते.

अक्षांश_रेखांश: सागरी मैल साधारण ७३५ येतात. बारा नॉटने, म्हणजे ताशी बावीस किमीने गेलं तर एकसष्ट तास. वेळ बरोबर सांगतात, किलोमीटर चुकीचे.

मी_नियमावली: २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे. शीर्षक बदला.

बंदरावरचा_बाब्या: मुद्द्याचं बोलू का? जहाज रोज नसतं, महिन्याला मोजकीच. तारीख पुढेमागे होते, त्यामुळे परतीचं विमान किंवा हॉटेल जहाजाच्या तारखेला चिकटवून बुक करू नका. बाबांना बंकवर चढवू नका, केबिन घ्या. अंतर म्हणाल तर विशाखापट्टणम जवळ, सव्वाबाराशे किमी, पण तिथून जहाजं आणखी कमी.

मालवणी_मावशी: डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळाची भीती असते रे, फेब्रुवारीत जा. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर काही उपयोग नाही. बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच हं.

नंदिनी_के: गोळी घेऊनही झालं मला.

कॅमेरावाला: विमानाने गेलात तरी सकाळचं घ्या. डिसेंबरात तिथे पाचलाच सूर्य मावळतो. दुपारी उतरलात तर तो दिवस गेला म्हणून समजा.

समीर_पुणे: सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, सावरकरांना १९११ साली मद्रासहून जहाजाने नेलं, आणि मी तिथे सव्वादोन तासांत चहा पीत उतरू? विषय संपला. जाताना जहाज, येताना विमान, डिसेंबरातच. केबिनमुळे बजेट वाढतंय, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नंदिनी_के: कळवा हं कसं झालं ते. पिशव्या जास्त घ्या.

रोहन८८: वरचं सगळं वाचलं नाही. विमानाने जा, दोन-सव्वादोन तास लागतात.