प्रतिसाद: ओलोट ते जिरोना

ग्रॅव्हल सायकलिंग (खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरून सायकल चालवणे) म्हणजे डोंगरातली दमछाक, हे मत स्पेनमधल्या कातालोनियातील ओलोट–जिरोना मार्गाला लागू पडत नाही. 1969 मध्ये बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या आगगाडीची ही वाट फ्लुव्हिया, ब्रुजेंट आणि तेर या नद्यांच्या खोऱ्यांतून सुमारे 55 किलोमीटर जाते; वाफेच्या इंजिनाला झेपेल असाच चढ तिला दिलेला असल्याने सायकलस्वारालाही तो झेपतो. ओलोटहून निघाल्यास सुरुवातीची खिंड ओलांडल्यावर पुढे जवळजवळ सगळा उतारच आहे. बराचसा भाग दाबून बसवलेल्या मातीचा असून मोटारी मुख्यतः रस्ता ओलांडताना भेटतात, मात्र तिथे थांबायलाच हवे. जुनी स्थानके वाटेत अजून उभी आहेत. उन्हाळ्यातली दुपार मात्र टाळावी.